खुर्चीच्या पाठीवरची बोटं

माझा स्वभाव वाईट आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोणावळ्याच्या बाजारात तीस-पस्तीस वर्षं माझं फ्रेमांचं दुकान आहे आणि एवढ्या वर्षांत एखादं चित्र मनापासून आवडल्याचं मला आठवत नाही. मला आवडते ती चौकट. वडील लाकडावर कोरीव काम करायचे, त्यांनी मला चौकटी ओळखायला शिकवल्या. साहेबाच्या काळातली सोनेरी चौकट म्हणजे सागवानावर खडू आणि सरसाचे सात-आठ हात, त्यावर लाल माती, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि मग अकीकाच्या दगडाने तासन् तास घासून आणलेली झळाळी. पारशी बंगल्यांतल्या काळ्या चौकटींच्या पट्ट्यांवर बारीक लहरी असायच्या. देवांच्या तसबिरींना असायच्या त्या चौकटींच्या पट्ट्या कोपऱ्यात एकमेकींना ओलांडून बोटभर पुढे जायच्या. ज्याला यातलं काही कळत नाही त्याच्याशी मी नीट बोलत नाही. गिऱ्हाइकाला असला माणूस भरवशाचा वाटतो, असा माझा समज आहे. बायको म्हणते, जवळ दुसरं दुकान नाही म्हणून येतात.

वलवणच्या बाजूला एक नवं रिसॉर्ट झालं. त्यांना आत शिरल्याशिरल्या जुन्या काळाची भिंत पाहिजे होती. मुंबईहून सजावट करणारी एक बाई आली. तिने माझ्या माळ्यावरच्या सगळ्या चौकटी उचलल्या आणि त्यांत घालायला जुने फोटो पाहिजेत म्हणाली. कुणाचे, असं मी विचारलं. "कुणाचेही," ती म्हणाली, "जुने दिसले म्हणजे झालं." भंगारवाल्याकडे असल्या फोटोंचा ढीग असतो. घर पाडलं की पत्रे, पितळ आणि आजोबा एकाच टेम्पोतून येतात. मी एक पोतं भरून आणले.

चित्र बघून चौकट करायची, हा आमच्या धंद्याचा धर्म. मी तो उलटा केला. चौकटी शंभर वर्षांच्या, त्यांना करवत लावायची माझी छाती नव्हती. म्हणून मी माणसं कापली. कुणाचे पाय गेले, कुणाची पोरं गेली. एका लग्नातला नवरदेव ठेवला आणि करवल्या उडवल्या. मला त्याची मजाच वाटत होती, खोटं कशाला बोलू?

त्यात एक लंबगोल चौकट होती. तुंगार्लीतल्या एका बंगल्यातून मी ती आणली होती. कुण्या शेठाणीच्या तैलचित्रासाठी मुद्दाम करून घेतलेली. चित्र वाळवीने खाल्लं, चौकट राहिली. दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेले द्राक्षाचे वेल. डाव्या वेलाला सात घड आणि उजव्याला सहाच, कारण उजवीकडे लाकडात गाठ आली होती आणि कोरणाऱ्याने तिथे शहाणपणाने एक पान वाढवून वेळ मारून नेली होती. या चौकटीसाठी जो फोटो निघाला त्यात फेटा बांधलेला एक माणूस खुर्चीवर बसला होता आणि त्याच्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून एक बाई उभी होती. सजावटवाली म्हणाली, "मला सिंगल पाहिजे. मिशीवाला ठेवा." मी पुठ्ठ्याचा साचा ठेवला, पात्याने गोल कापलं, आणि बाई बाजूला पडली. तिची चार बोटं तेवढी खुर्चीच्या पाठीवर राहिली. ती काढायला गेलो असतो तर माणसाचा खांदा गेला असता. सजावटवाली ती बोटं बघून फार खूश झाली.

दीड वर्षाने एक बाई दुकानात आली. पन्नाशीची, अंगावर रिसॉर्टचा निळा गणवेश, हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. मी एका चौकटीला वर्ख लावत होतो. वर्ख इतका पातळ असतो की फुंकर लागली तरी उडतो. मी मान वर न करता म्हणालो, "बाई, तिथेच उभ्या राहा. श्वाससुद्धा घेऊ नका." तिने खरंच श्वास धरला. मला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं आणि मी मुद्दाम पुढचं पान सावकाश उचललं. तिची छाती फुगली, तरी ती श्वास सोडीना. असा मी माणूस आहे.

"काय काम?" मी शेवटी विचारलं.

"भाऊ, थितं हाटेलात तुमी माज्या बापाचा फोटू लावलाय."

"असं कुणीही येऊन म्हणेल. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर."

तिने चादर सोडली आणि लंबगोल चौकट माझ्यापुढे ठेवली. "ह्यो बगा बाप."

ती परंदवडीकडची. ती रांगत असताना आई गेली. पुढे बापही गेला, ही सासरी असताना चुलत्यांनी घराची जागा विकली आणि भिंतीवरचं सगळं भंगारात गेलं. आई-बापाचा फोटो एकच, तळेगावात काढलेला. लहानपणी तो उंच भिंतीवर होता. बाप बसलाय आणि आई उभी आहे, एवढंच तिला आठवत होतं. रिसॉर्टात साफसफाईच्या कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी भिंत पुसताना तिला बाप सापडला.

"रोज फडकं मारताना त्या बोटांवरनं हात फिरवायचे," ती म्हणाली. "मॅनेजरला लय इनवलं. त्यो म्हनला, न्हे तुजा बाप, पर फ्रेम परत आन. त्यात दुसरा कुनीबी म्हातारा घाल म्हनला, मिशा तेवढ्या पायजेत." मग तिने आवाज खाली आणला. "आईचा तुकडा कुटं टाकला, भाऊ?"

मला आठवलं, आणि आठवल्याचा गर्वही झाला. आम्ही तुकडे टाकत नाही. फोटो काचेला घट्ट बसावा म्हणून मागे भर लागते, तिथे ते चिकटवतो. मी ऐटीत म्हणालो, "बाई, तुमची आई दीड वर्ष तुमच्या बापाच्या पाठीमागेच उभी आहे."

तिने खालच्या स्टुलावर बसकण मारली. तोंडाला पदर नव्हता म्हणून गणवेशाची बाही लावली.

मी मागचे खिळे काढले, बापाला उचलून बाजूला ठेवलं. खाली पुठ्ठा आणि पुठ्ठ्याला तोंड खाली करून चिकटवलेला तो तुकडा. त्याची पांढरी पाठ दिसली तशी ती पुढे झुकली. "भाऊ, आता सोडवू नगा. माजा ल्योक म्हनतो, पुन्यात जुनं फोटू सुदारनारे हायेत. पुठ्ठ्यासकट न्हेते."

तिचं ऐकायला हवं होतं. पण माझ्याच दुकानात मला कोणी पुण्याचं नाव सांगितलं की माझं डोकं फिरतं. "सोन्याचा वर्ख बसवणाऱ्याला कागद सोडवता येत नाही होय?" मी म्हणालो. कोमट पाणी घेतलं, पातळ सुरी घेतली आणि खालून सुरुवात केली.

पाय सुटले. पायातली जोडवी दिसली. निऱ्या सुटल्या, अगदी स्वच्छ. ती एकदम पोरीसारखी हसली. "जोडवी बगा, जोडवी!" मी चित्रातल्या हाताच्या कोपरापर्यंत आलो. तिच्या हसण्याने मला चेव चढला आणि मी सुरी जरा जोरात सरकवली. गळ्याच्या वर नुसता पांढरा कागद माझ्या हातात आला. चित्र पुठ्ठ्यालाच राहिलं होतं, पाण्याने फुगलेलं. तेव्हाही थांबलो असतो तर काहीतरी वाचलं असतं. मी ते बोटाने सारखं करायला गेलो आणि दुधावरच्या सायीसारखं ते सगळं माझ्या बोटावर गोळा झालं. सवयीने मी बोट फडक्याला पुसलं.

ती फडक्याकडे बघत राहिली. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. "जुना माल," मी म्हणालो. "असंच होतं." हे वाक्य मी कुठल्या तोंडाने बोललो, मला माहीत नाही. ते परत घेता आलं असतं तर मी दुकान देऊन घेतलं असतं.

ती भांडली नाही. भांडली असती तर मी भांडलो असतो, ते मला जमतं. ती म्हणाली, "भाऊ, कापताना तुमी तोंड बगितलं आसंल की. कशी व्हती आई?"

तिच्या आईचं तोंड शेवटचं हातात धरलेला माणूस मीच. मी डोळे मिटले. डाव्या वेलाचे सात घड आले, उजव्याचे सहा आले, गाठीवरचं ते वाढीव पान शिरांसकट आलं. बाई आली नाही. मी तिच्यावर साचा ठेवला होता, पात्याची धार बघितली होती, तिचं तोंड बघितलंच नव्हतं. नव्या लाकडाला चहाचं पाणी पाजून मी ते शंभर वर्षांचं म्हणून विकलं आहे, तेव्हा खोटं बोलणं मला जड नव्हतं. तुमच्यासारखीच होती, एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. तेही माझ्याच्याने म्हणवेना.

"डोक्यावर पदर होता," मी म्हणालो.

ती पुढचं ऐकायला थांबली.

"नीट घेतलेला," मी म्हणालो.

"पदर तर समद्यांच्याच डोक्यावर आसतो, भाऊ," ती म्हणाली.

तिने बापाचा फोटो आणि निऱ्यांचा तो तुकडा चादरीत ठेवला. चौकटीकडे बघितलंसुद्धा नाही. मग हात पुढे केला आणि म्हणाली, "त्ये फडकं तेवढं द्या."

त्यावर आदल्या दिवशीचा सोनेरी रंग होता, टर्पेंटाइनचा वास होता. मी ते दिलं.