अध्यक्षमहाशयांचा श्रोता

नीळकंठराव पांढरीपांडे अधीक्षक म्हणून निवृत्त झाले तेव्हा कार्यालयाने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. नारळाची चटणी झाली, घड्याळ पुढे बंद पडलं. शालीची चटक मात्र त्यांना लागली ती लागलीच.

यवतमाळसारख्या गावात कार्यक्रमांना तोटा नाही. तोटा असतो तो अध्यक्षांचा. वेळेवर येणारा, कुठल्याही पक्षाचा नसलेला आणि स्वतःचं इस्त्रीचं जाकीट असलेला माणूस आयोजकांना हवाच असतो. नीळकंठराव या तिन्ही कसोट्यांना उतरत. भाषण त्यांच्याकडे एकच होतं, पण ते कुठेही चालायचं. वृक्षारोपणाला त्यात ‘वृक्ष’ घालायचा, रक्तदानाला ‘रक्त’. ‘मित्रहो, आजच्या धकाधकीच्या जीवनात माणूस हे विसरत चालला आहे’ या वाक्यात ‘हे’ म्हणजे काय, ते ज्याच्या त्याच्या कार्यक्रमावर अवलंबून असे.

घरी मात्र हा मान नव्हता. ते बोलू लागले की सुहासिनीताईंना नेमकी मिक्सर लावायची आठवण व्हायची. पुण्याची मुलगी भैरवी फोनवर पाचव्या मिनिटाला ‘बाबा, आवाज तुटतोय’ म्हणायची. सकाळी फिरायला येणारे सोबती तर त्यांच्यापासून सुटण्यासाठी इतके झपाझप चालायचे, की सगळ्यांची साखर आटोक्यात आली होती.

अशा दिवसांत त्यांना उज्ज्वला राठोडचा फोन आला.

उज्ज्वलाबाई दारव्हा रोडवर प्राण्यांचा निवारा चालवायच्या. सासरे फुलसिंग यांनी दिलेल्या वावराच्या तुकड्यावर पत्र्याचं शेड होतं. गाडीखाली आलेली कुत्री, पोत्यात बांधून सोडलेली मांजरीची पिल्लं, म्हातारी झाली म्हणून मालकाने हाकललेली जनावरं, सगळी तिथे येत. येताना कोणालाही अडचण नसायची. अडचण होती ती पुढे घरी नेणाऱ्यांची. माणसं हौसेने यायची आणि ‘लॅब्राडोर नाही का?’ असं विचारायची. एका जोडप्याला सोफ्याच्या रंगाशी जुळणारा कुत्रा हवा होता. एका घराला मांजर पाहिजे होतं, पण ते शाकाहारी आहे का याची त्यांना आधी खात्री करून हवी होती. पिल्लं कशीबशी जायची. थोराड, लंगडी, एका डोळ्याची उरायची.

शेवटी उज्ज्वलाबाईंनी स्वतःची अशी एक पद्धत काढली. ‘मामाजी,’ त्या सासऱ्यांना म्हणाल्या, ‘साधा माणूस सरळ नाही म्हणून निघून जाते. पण अध्यक्ष केला ना, तं तो माईकसमोर नाही म्हणत नाही.’

या पद्धतीने दारव्ह्याच्या एका बँक मॅनेजरकडे एक लंगडी कुत्री नांदायला गेली होती. आता पाळी नीळकंठरावांची होती.

दत्तक मेळावा जानेवारीत झाला. निवाऱ्यासमोर मांडव, गाद्यांच्या खुर्च्या, हारतुरे. नीळकंठराव खुर्चीवर बसून भाषण मनात घोळवत होते. ‘वृक्ष’ काढून ‘मुके जीव’ कुठे कुठे घालायचे, यात ते गढले होते. तेवढ्यात उज्ज्वलाबाई माईकवर आल्या. त्यांच्या हातातल्या पट्ट्याला एक भुरकट, पोक्त चेहऱ्याचा कुत्रा होता.

‘हा भुऱ्या,’ त्यांनी सांगितलं. ‘वयानं मोठा हाय. स्वभावानं गरीब हाय. याले ऐकू बिलकुल येत नाही, म्हणून घरात जपा लागते. आमचे आजचे अध्यक्षसाहेब याले दत्तक घेऊन राह्यले!’

सगळं स्वच्छ, मराठीत आणि माईकवरून सांगितलं गेलं. ते ऐकलं कोणीच नाही. समोरची मंडळी चहा कधी येतो ते पाहत होती, छायाचित्रकार खुर्च्या सरकवत होता, आणि अध्यक्षमहाशय ‘मुके जीव’ पाशी होते. टाळ्या पडल्या तशी त्यांनी सवयीने मान हलवली, उभं राहून हात जोडले आणि पुढे केलेला पट्टा हातात घेतला. एक शाल त्यांना घातली, एक कुत्र्याला. फोटो झाला. भाषणही झालं.

कार्यक्रम आटोपल्यावर ते पट्टा परत द्यायला गेले.

‘हे घ्या तुमचं.’

‘कायले?’ उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

‘म्हणजे, कार्यक्रम झाला ना आता.’

‘कार्यक्रम झाला सर, पण कुत्रा तुमचा झाला. एवढ्या लोकांसमोर झाला.’ आणि त्यांनी ऑटोवाल्याला हाक मारली. ‘दादा, साहेबाले अन् त्याइच्या कुत्र्याले नीट घरी सोडून दे बरं.’

दारात सुहासिनीताईंनी आधी शालीतला नवरा पाहिला, मग शालीतला कुत्रा.

‘हे काय घेऊन आलात?’

‘तात्पुरतं आहे,’ नीळकंठराव म्हणाले. ‘सोमवारी नेऊन देतो.’

कुत्र्याला ओसरीत बांधलं. नीळकंठराव खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि त्यांनी त्याला परिस्थितीची कल्पना दिली. हे घर म्हणजे धर्मशाळा नाही. इथे शिस्त आहे. आपण सेवेत असताना एकही फाईल टेबलावर रात्रभर राहू दिली नाही. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की कुत्रा ऐकतो आहे. तो ताठ बसला होता. मान किंचित कलती, डोळे थेट त्यांच्या तोंडावर. जांभई नाही, चुळबूळ नाही, घड्याळाकडे नजर नाही. बहिऱ्या जनावराला जे काही कळायचं ते समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं, म्हणून ते चेहरा सोडत नाही. पण नीळकंठरावांना आयुष्यात असा श्रोता भेटला नव्हता. सुहासिनीताईंनी जेवायला हाक मारली तेव्हा ते बदलीच्या दुसऱ्या प्रकरणापर्यंत पोचले होते.

सोमवार आला आणि गेला. ‘संक्रांत होऊ द्या,’ ते म्हणाले. संक्रांतही झाली. कुत्र्याचं नाव त्यांनी ‘शेरा’ ठेवलं. आयुष्यभर फायलींवर शेरे मारलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? कुत्र्याच्या बाजूने म्हणाल, तर त्याला कुठलंही नाव सारखंच होतं.

आता ओसरीवर रोज दुपारी बैठक बसू लागली. नीळकंठराव पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचत आणि त्यावर आपलं मत देत. शेरा पाहत राही. समोरच्या रस्त्याने डीजे वाजवत वरात गेली, कॉलनीतली झाडून सगळी कुत्री कोकलत सुटली, शेरा निवांत झोपून होता. ‘पाहिलंत? याला म्हणतात संयम,’ नीळकंठरावांनी शेजाऱ्यांना सांगितलं. दारावरची बेल वाजली तरी तो भुंकत नसे. ‘उगाच तोंड घालायची सवय नाही त्याला.’ एकदा तर भरदुपारी ओसरीवरून त्यांच्या नव्या चपला चोरीला गेल्या, आणि शेरा तिथेच लोळत होता. यावर मात्र त्यांना जरा विचार करावा लागला. ‘कोणी गरजू असेल,’ ते शेवटी म्हणाले. ‘जनावराला माणसाची पारख असते.’

सुहासिनीताईंनी माळ्यावरून त्यांच्या जुन्या चपला काढून दिल्या.

नीळकंठरावांची कीर्ती वाढत गेली. पूर्वी ते सर्वसाधारण अध्यक्ष होते, आता प्राणिमित्र अध्यक्ष झाले. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाभुळगावच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे पुंडलिकराव घरी आले. ‘मुक्या प्राण्यांशी संवाद’ या विषयावर व्याख्यान हवं होतं, तेही प्रात्यक्षिकासह. ‘वहिनींनाही आणा,’ ते म्हणाले. नीळकंठराव तिघांची गाडी ठरवून निघाले.

सभागृह भरलं होतं, कारण व्याख्यानानंतर आलुबोंडे होते. नीळकंठराव अर्धा तास उत्तम बोलले. आजच्या धकाधकीच्या जीवनात माणूस प्राण्यांशी बोलायला विसरत चालला आहे, असं त्यांनी सांगितलं. मग प्रात्यक्षिक सुरू झालं. शेराला लाकडी मंचाच्या पार पुढच्या कडेला सोडलं होतं. तो श्रोत्यांकडे तोंड करून, म्हणजे नीळकंठरावांकडे पाठ करून, बसला.

‘माझा आवाज हीच त्याला आज्ञा,’ नीळकंठराव म्हणाले. ‘शेरा! ये!’

शेराने कान खाजवला.

‘शेरा! इकडे ये बेटा!’

शेरा पुढच्या पायांवर डोकं ठेवून आडवा झाला. नीळकंठराव माईकच्या अगदी जवळ गेले आणि ओरडले. माईकने अशी काही किंकाळी फोडली की सगळ्या सभागृहाने कानांवर हात ठेवले. शेराने तेवढे डोळे मिटले.

पुढच्या रांगेत तानाबाई नावाच्या एक आजी बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. ‘अगं माय! याले तं ऐकूच येत नाही! अन् साहेब त्याले भाषण देऊन राह्यले!’

लोक हसले. आधी दबकत, मग मोकळेपणाने. पुंडलिकराव उगीचच फुलदाणी सरळ करू लागले. नीळकंठराव घामाघूम होऊन म्हणत राहिले, ‘प्रवासाने थकलाय. गर्दीची सवय नाही.’ तेवढ्यात सुहासिनीताई आपल्या खुर्चीवरून उठल्या, मंचावर चढल्या आणि त्यांनी फळीवर पाय आपटला. धप धप. फळी हादरली, शेरा चटकन उठला, वळला आणि शेपूट हलवत त्यांच्याकडे गेला. त्यांनी तळहात खाली केला, तो बसला. बोट फिरवलं, तो गोल फिरला.

त्या दिवशी सभागृहात खऱ्या टाळ्या त्याच पडल्या.

परतीची गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली. नीळकंठराव गप्प बसलेत, ही गोष्ट सुहासिनीताईंनाही नवीन होती.

‘तुला कधीपासून माहीत होतं?’ शेवटी त्यांनी विचारलं.

‘पहिल्याच आठवड्यात. कानाशी कुकरची शिट्टी झाली तरी हलला नाही. तेव्हापासून मी त्याला हातांनीच सांगते.’

‘मग मला काहून नाही सांगितलं?’ चिडले की त्यांच्या तोंडी लहानपणची बोली येई.

‘तुम्ही बोलत होता. मध्ये जागा कुठे मिळाली?’ सुहासिनीताई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘आणि खरं सांगू का, तुम्ही किती वर्षांनी इतके खुशीत होता. मलाही दुपारी डोळा लागत होता. दोघांचं बरं चाललं होतं, मोडायचं कशाला?’

नीळकंठरावांना आपल्या घरात आपल्यामुळे कोणाची तरी झोप इतकी वर्षं अडून होती, हे पहिल्यांदाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र राग चढला. ते शेराला घेऊन निवाऱ्यावर गेले. सुहासिनीताईही न बोलावता ऑटोत बसल्या.

‘तुम्ही मला फसवलंत,’ नीळकंठराव उज्ज्वलाबाईंना म्हणाले. ‘कुत्रा बहिरा आहे हे लपवलंत.’

‘लपवलं? माईकवर सांगतलं सर, अन् तुम्ही मान हलवली.’ उज्ज्वलाबाई पाण्याचा पाइप बाजूला टाकत म्हणाल्या. ‘तुमाले अध्यक्ष केलं तो माहा डाव होता, हे कबूल. पण खोटं काही सांगतलं नाही. तुमाले नसन पाह्यजे तं ठेवून जा. मी त्याले उपाशी नाही ठेवत.’

एवढं सरळ उत्तर मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. भांडणाची तयारी करून आलेल्या माणसाची अशा वेळी फार पंचाईत होते. त्यांनी पट्टा सोडला. शेरा आवारात गेला, जुन्या सोबत्यांना हुंगून आला आणि पार कुंपणापाशी पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिला.

‘शेरा!’ नीळकंठरावांच्या तोंडून गेलंच. मग त्यांनी पाय आपटला. पण ती वावरातली मऊ माती. तिच्यातून काही पोचलं नाही. त्यांनी उज्ज्वलाबाईंकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. कोणी मदत करेना. आयुष्यभर त्यांनी खुर्चीत बसून, बेल दाबून माणसं बोलावली होती. आता त्यांनी पायजमा वर धरला आणि शेण, चिखल, भुंकणारी कुत्री चुकवत ते स्वतः कुंपणापर्यंत चालत गेले. शेराच्या समोर जाऊन उभे राहिले. शेराने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, काहीतरी ऐकायला मिळेल अशा बेताने ताठ बसला.

त्यांनी काहीच न बोलता त्याच्या डोक्यावर हात ठेवला. येताना दोघांच्याही पायांना चिखल होता.

‘घरी जाऊ,’ ते म्हणाले.

‘थांबा,’ सुहासिनीताई म्हणाल्या. त्या शेडच्या कडेला टेकल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एव्हाना एक डोळा गेलेलं काळं मांजर येऊन बसलं होतं. ‘यालाही नेऊ. मला कोणी अध्यक्ष केलं नाही, तरी मी घेते.’

उज्ज्वलाबाईंनी खोका आणायला आत धाव घेतली. गिऱ्हाइकाचं मन बदलायला वेळ लागत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

नीळकंठराव आता हातवारे शिकलेत. जेवायला ये, बाहेर चल, पाऊस आहे, हे सगळं शेराला हातांनी सांगतात, आणि हातांनी सांगायचं म्हणजे मोजकंच सांगावं लागतं. अग्रलेख अजून वाचतात, पण मनात. कार्यक्रमांची बोलावणी येतच असतात. ती सुटतील असं सुहासिनीताईंनाही वाटत नाही. परवा दारव्ह्याच्या कार्यक्रमासाठी ते आरशासमोर सराव करत होते. ‘मित्रहो,’ म्हणून त्यांनी सुरुवात केली. शेरा खाली बसून एकाग्रतेने त्यांच्याकडे पाहत होता. काळं मांजर पलंगावर होतं. त्याला एक डोळा कमी असला, तरी दोन्ही कान उत्तम आहेत. ते पहिलं वाक्य संपेपर्यंत थांबलं, मग उठलं, अंग ताणलं आणि स्वयंपाकघरात सुहासिनीताईंकडे निघून गेलं.