कोपऱ्यातली रेघ

नामदेव गेल्याचा निरोप मोटारीच्या ड्रायव्हरने आणला, तेव्हा मी भात्यापुढे बसलो होतो. उठलो नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्याचा भाऊ लंगडत नाही त्याने ते खुशाल पाळावं.

नामदेव माझा चुलतभाऊ. मेडशीला तेव्हा आमची दोघांची मिळून लोहारकी होती. इंझोरीच्या एका विहिरीचा गाळ उपसायला चाक टांगायचा लोखंडी घोडा, म्हणजे विहिरीवर उभी करायची चौकट, करायचा होता. अँगल, म्हणजे तयार काटकोनी लोखंडी पट्टी, सरकारी परमिटशिवाय मिळेना. नामदेव म्हणाला, जाड पत्रा काटकोनात वाकवला की तोही अँगलइतकंच पेलतो. मी नाही म्हटलं, तर त्याने गावासमोर दोन्हींचे तुकडे दगडांवर आडवे ठेवून मधोमध ज्वारीची पोती टांगली. दोन्हींनी भार सारखाच पेलला. लोक मला हसले.

पण तो तुकडा त्याने लालबुंद तापवून वाकवला होता. घोड्याचे पत्रे मात्र गारच ठोकून वाकवले, कारण नामदेवला पोहरादेवीची यात्रा गाठायची होती. मी एका कोपऱ्यावर रॉकेल चोळलं, पुसलं, वर खडूची भुकटी टाकली. चिरेत मुरलेलं रॉकेल वर आलं आणि केसाएवढी रेघ उमटली.

"नामदेव, चीर पडली. तापवून दुसरा कर."

"साऱ्या गावानं पायलं ना? मंग तू कायले जळून राह्यला?" म्हणत त्याने ती रेघ धोतराच्या सोग्याने पुसली.

चौथ्या दिवशी तोच कोपरा फाटला. खाली विहिरीत माझा थोरला भाऊ गोपाळ गाळ काढत होता, घोडा चाकासकट त्याच्या पायावर आला. नामदेव दवाखान्यात येऊन "लोखंडाचा काय भरोसा, भाऊ" एवढंच म्हणाला आणि चहा पिऊन गेला. चुकलो, असं तो मरेपर्यंत म्हणाला नाही… मी वाट पाहत होतो.

तेरवीला नामदेवच्या घरी वहिनींनी चाचणीचा तो तुकडा माझ्या हातात ठेवला. त्याने जपून ठेवला होता म्हणे. घरी आणून मी त्यावर रॉकेल चोळलं, खडू टाकला. एकही रेघ नाही. इतकं नेटकं काम येत होतं त्याला, याचाच जास्त संताप आला.

गोपाळ कुबडी टेकत आला. तुकडा उलटसुलट करून म्हणाला, "काम साजरं हाय. पण रॉकेल कायले चोळून राह्यला?"

"गंज काढतो," मी म्हणालो.

ती रेघ मी त्याला तो विहिरीत उतरला तेव्हाही सांगितली नव्हती. हरलेला अजून कुरकुरतो, असं लोक म्हणतील याची लाज वाटली… हे ज्या पेपरच्या पुरवणीत छापून येईल, ती गोपाळ वाचतो.