चांदीचं निघू नये म्हणून भंडाऱ्याला

लाखांदूरच्या मुलीचा फोन आला आणि मला भंडाऱ्याला जाणं भाग पडलं. नातीचं लग्न ठरलंय. आमच्या घरची, म्हणजे माझी बायको, जाण्याआधी सांगून गेली होती, माझं मेडल मोडून नातीला पायातल्या तोरड्या करा. हे मेडल तिच्या वडिलांचं. चिखल्याच्या मँगनीज खाणीतून ते निवृत्त झाले तेव्हा मिळालेलं, टाकसाळीत पाडलेलं. चांदीचं आहे असं ती म्हणायची. गेल्या पोळ्यापासून ती नाही. खोटं सांगत नाही, ते चांदीचं निघू नये असंच मला वाटत होतं. गिलटाचं निघालं तर मुलगी नेणार नाही, माझ्याजवळ राहील.

साकोलीच्या सोनाराकडे आधी गेलो होतो. तो कसाच्या दगडावर घासायला निघाला, तसं मी हातातून ओढून घेतलं.

भंडाऱ्याला जायचं तर सकाळची एसटी धरा. आधार कार्ड जवळ ठेवा, कंडक्टर वय विचारतो. माझा अर्धा प्रवास खिसा चाचपण्यात गेला. लाखनीला गाडी थांबली, आलुबोंडे गरम होते, पण मी उतरलो नाही. गाडी सुटली तर काय, हीच धास्ती. बाहेर भाताची रोवणी चालू होती. ती असती तर कुणाच्या बांधीत किती बाया आहेत ते मोजत बसली असती.

बाजारात पितळी भांड्यांचं एक दुकान आहे. मालकाला जुनी नाणी, मेडलं जमवायचा नाद, न घासता पारखतो. त्यानं आधी लोहचुंबक लावला, चिकटला नाही. कडेवर शुद्धतेचा आकडा असतो म्हणाला, आमच्यावरचा झिजून गेला होता. मग मेडल कोरडं तोललं. नंतर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य केला आणि मेडल दोऱ्यानं पाण्यात सोडलं, तळाला टेकू दिलं नाही. काट्यावर कोरड्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आकडा आला तर चांदी. पितळ किंवा गिलट असेल तर जास्त येतो, आठवा-नववा हिस्सा. तुम्हीही घरी करून पाहू शकता.

काटा थांबेपर्यंत मी भिंतीवरच्या परातींकडे बघत होतो.

"चांदी आहे जी, काकाजी. चोख."

मग भिंगातून पाहून त्यानं कपाळाला हात लावला. असं मेडल नवं असताना मोकळी जागा आरशासारखी आणि चित्र दुधाळ असतं. आमच्यावर आरसा उरलाच नव्हता, नुसते गोल गोल ओरखडे. दुधाळपणा तेवढा चित्रातल्या मजुराच्या टोपाखाली, कोपऱ्यात राहिला होता.

"कोनं घासलं जी हे?"

मी सांगितलं. आमच्या घरचीनं, दर दिवाळीला पाणी भरायच्या पितळेच्या गुंडांबरोबर, चिंच आणि राखेनं.

तो हसला. "झाडीपट्टीतल्या बाईच्या हाती चंद्र देला, तं थो बी चिंचेनं घासून ठेवन." मग म्हणाला, जमवणाऱ्यांच्या लेखी आता याला मोल नाही, मोडीतच द्या. पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला.

परतीच्या गाडीत मी भिंगाशिवाय ते ओरखडे बघत आलो. सगळे उजवीकडून डावीकडे वळलेले. ती डावखुरी होती. मग मनात आलं, गिलट निघालं म्हणून सांगून टाकावं. कोण विचारायला जातंय भंडाऱ्याला? वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं. साकोली येता येता मुलीचा फोन आला.

"काय निंगलं बाबा? आई तं जलमभर चांदीच म्हने."

तेवढ्यानं अडलो. मेडल ठेवायचं तर तिच्या आईला खोटं पाडावं लागत होतं. आणि ती आता भांडायलाही येणार नव्हती.

"चांदीच आहे," मी म्हणालो. "तुह्या मायचं खरं निंगालं."

मुलगी म्हणाली, रविवारी येतो न्यायले.

घरी येऊन आता मेडल टेबलावर ठेवलं आहे. नेहमी फडक्यात असायचं. या वेळी गुंडाळलं नाही.