मी खाली असताना वाजलेली घंटी

आपल्या अंकात लिहिणारी मंडळी मोठी, अनुभवी. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात पेन धरणारा पहिलाच. मी लिहावं की नाही हेच कळत नव्हतं… चुकलं तर सांभाळून घ्या. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. जे घडलं तेवढंच सांगतो.

एकाहत्तर सालचा हिवाळा. कोल्हारपासून काही मैलांवरच्या एका साखर कारखान्याने वस्त्यांवरची पोरं शाळेत नेण्यासाठी एक जुनी बस ठेवली होती. मी सकाळी त्या बसवर अटेंडंट होतो. पोरांना शाळेत सोडलं की माझं कॉलेज. ड्रायव्हर रंगनाथमामा पन्नाशीचे, पूर्वी मिलिटरीत ट्रक चालवलेले. बसच्या छताखालून मागून पुढपर्यंत एक दोरी, आणि मामांच्या डोक्यावर घंटी. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं.

पहिल्याच दिवशी मामांनी बजावलं होतं, "गाडी म्या चालवतो, पन हलवतोस तू. ध्यानात ठेव."

कालव्याजवळच्या थांब्यावर सहा वर्षांची सुमन चढायची. तिची वस्ती रस्त्याच्या पलीकडे, आणि रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग. म्हणून मी खाली उतरून, तिचा हात धरून, बसच्या पुढून तिला आणायचो. बसचं नाक लांब, सुमन बुटकी — मामांना ती दिसायचीच नाही. त्यांचा सगळा भरवसा माझ्या दोन टोल्यांवर.

त्या सकाळी कालव्यावरून धुकं आलं होतं. सुमनची पाटी हातातून निसटली आणि ती उचलायला ती थेट बंपरसमोर वाकली. मी तिच्या मागे होतो. तेवढ्यात आत घंटी वाजली. टण… टण.

इंजिन चालू होतं. पण गाडी जागची हलली नाही.

सुमनला घेऊन आत आलो तर मामा मागे वळून बघत होते. दोरी अजून झुलत होती. पोरं थंडीने पुढच्या बाकांवर एकमेकांना चिकटून बसलेली. त्यांच्यापैकी कुणाचाच हात त्या दोरीला पोचत नव्हता.

"कोन रं त्यो? बापाची गाडी हाय का?"

"मामा, आमी न्हाई," एक पोरगा म्हणाला. "आपोआप वाजली."

"आपोआप तर तुझं गनितबी सुटत न्हाई."

पोरं हसली. मामा हसले नाहीत.

शाळेपाशी पोरं उतरल्यावर मी विचारलं, "मामा, तुम्ही गाडी का नाही काढली?"

"तुझी घंटी घाईची आसती, कालेजला उशीर झाल्यावानी. ही संथ हुती. किसनची."

किसन म्हणजे माझ्या आधीचा अटेंडंट. काम सोडून तो मुळा धरणावर मजुरीला गेला होता.

"तो… वारला की काय?"

"न्हाई रं. परवाच राहुरीच्या बाजारात भेटला. चांगला हसत हुता."

ते ऐकून मला जास्तच भीती वाटली. मेलेला असता तर निदान काहीतरी म्हणता तरी आलं असतं.

मामा ऑफिसात सांगणार होते. मीच अडवलं. "मामा, अटेंडंटचं लक्ष नव्हतं असंच म्हणतील. माझं काम जाईल, मग कॉलेजही जाईल. कुणालाच सांगू नका — शब्द द्या मला."

मामांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "बरं. पन आजपासनं ती घंटी न्हाई. आत येऊन माज्या खांद्याला हात लावायचा. तवाच गाडी हलंल."

त्या हंगामात घंटी आणखी दोनदा वाजली. तोच थांबा, मी खाली, सुमन गाडीसमोर. आम्ही दोरी बदलली, कड्या तपासल्या, घंटी उतरवून पाहिली. काही सापडलं नाही.

मार्चमध्ये परीक्षेसाठी मी काम सोडलं. माझ्या जागी आमच्याच गावचा दत्तू लागला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि त्याचं नाव मीच सुचवलं होतं. एक दिवस बरोबर राहून त्याला सगळं दाखवलं. कोण कुठे चढतं, कुणाला गाडी लागते, सुमनला कसं आणायचं…

"पन घंटी आसताना खांद्याला हात कशापायी?" त्याने विचारलं.

सगळं ओठांवर आलं होतं. पण शिकलेला माणूस असलं मानतो म्हणून तो हसेल, गावभर सांगेल, असं वाटलं. मी म्हणालो, "मामांना कमी ऐकू येतं."

मामांनी ते ऐकलं. मला दिलेल्या शब्दाखातर तेही गप्प राहिले.

दुसऱ्या वर्षासाठी मी नगरला आलो. गेल्या महिन्यात मामांचं पोस्टकार्ड आलं, त्यांच्या मुलीच्या अक्षरातलं. हंगाम सुरू होताच मामांना उसाच्या ट्रकवर टाकलं होतं आणि बसवर तरुण ड्रायव्हर आला होता. त्याला चांगलं ऐकू येतं, म्हणून दत्तूने घंटी पुन्हा सुरू केली. चौथ्या दिवशी कालव्याच्या थांब्यावर दत्तू खाली असताना ती दोनदा वाजली, आणि ड्रायव्हरने गाडी काढली.

दत्तूने सुमनला बाजूला ढकललं. तिला खरचटलंसुद्धा नाही. दत्तू दवाखान्यात पोचायच्या आत गेला.