दहा वर्षांच्या गॅरंटीची टाकी

नवीन पनवेलच्या त्या गल्लीतून गेलो की माझी मान आपोआप वर होते. एका दुकानावरचा हॉल, त्यावर गच्ची. गच्ची दिसली की डोकं तापतं. बायको म्हणते, "अहो, किती वर्षं झाली, सोडा आता." धंद्यात मला ज्यांनी फसवलं त्यांना मी सोडून दिलं. पण हे माझ्या आईच्या बाबतीत झालं होतं.

मी पाण्याच्या टाक्या, पाईप आणि नळ विकतो. सुरुवातीला दुसऱ्याचे पाईप हातगाडीवरून पोचवले. मग इकडे इमारतींमागून इमारती उठल्या. इमारत म्हटली की टाकी आली, आणि टाकी म्हटली की मी. भावात मी सख्ख्या मेहुण्यालाही सोडत नाही. तोंडही तिखट आहे, ते गिऱ्हाईक मला तोंडावर सांगतात.

आम्ही मूळचे नगरकडचे, जुन्या मिशनच्या मंडळीतले. आई तान्ही असताना पाळकांनी तिच्या कपाळावर पाणी शिंपडून तिचा बाप्तिस्मा केला होता. प्रभू कधीही येईल हे तिला कुणी नव्याने सांगायला नको होतं. तिची तयारी रोजची होती. संध्याकाळी मी दुकानातून आलो की ती पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि विचारायची, "आज कुणाशी भांडलास?"

मी सांगायचो. कधी प्लंबर, कधी टेम्पोवाला, कधी बिल्डरचा माणूस.

"कर फोन."

"आई, चूक त्याची होती."

"चूक कुणाची ते प्रभू बघेल. तू मिटवून ठेव. आज आला म्हणजे?"

मी धुमसत फोन करायचो. समोरचा गांगरायचा, सकाळी शिव्या देणारा संध्याकाळी सॉरी म्हणतोय. फोन झाला की आई विचारायची, "राहिलं काही?" मी "काही नाही" म्हणालो की जेवायला वाढायची. पाहुणा येणार म्हणून घर झाडून ठेवावं, तशी तिची तयारी. त्यात भीती नव्हती.

मग तिचे गुडघे गेले. देवळापर्यंत जाणं होईना. इमारतीतल्या एका बाईने तिला जवळच्या या हॉलमधल्या प्रार्थनेला नेलं. मला बरंच वाटलं. तेवढाच म्हातारीला विरंगुळा.

त्याच सुमारास त्या मंडळीचा पास्टर माझ्या दुकानात आला. तरुण, इस्त्रीचा पांढरा शर्ट. काउंटरमागचा क्रूस बघून खूश झाला.

"भाऊ, टाकी हवी. माणूस आत उतरेल अशी, वरचा भाग कापून. पाण्याचा बाप्तिस्मा द्यायचाय. नदीत उतरवलं तर लोकांच्या अंगाला खाज सुटते."

मी भाव सांगितला.

"देवाचं काम आहे, भाऊ. कमी करा."

"देवाने माझ्याशी कधी घासाघीस केली नाही."

तो हसला नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "नफा घेऊन जाणार कुठे? प्रभू दारात उभा आहे. हे वर्षही पुरं होईल असं वाटत नाही मला."

काय सांगू, मी विरघळलो. खरेदीच्या भावात दिली. कटर लावणार, एवढ्यात तो म्हणाला, "गॅरंटी किती वर्षांची?"

"दहा. पण कापली की संपली."

"मग मागची एखादी तारीख टाकून लिहून द्या ना, कापल्याचं लिहू नका."

वर्ष पुरं होणार नाही आणि गॅरंटी दहा वर्षांची! नाही लिहून दिली. त्या संध्याकाळी आईला हा किस्सा रंगवून सांगावा म्हणून घरी आलो, तर तिने तांब्या पुढे केला आणि काही विचारलंच नाही. आधीही काही दिवस विचारलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

का ते पुढे कळलं. एका दुपारी आई झोपली होती म्हणून तिला न उठवता आम्ही सगळे उलव्याला एका बारशाला गेलो. परत आलो तर आई जिन्यात बसून रडत होती, शेजारच्या बाई तिला धरून. मुसलमान बाई, मूळच्या उरणच्या, जिभेने माझ्यापेक्षा तिखट.

"या अल्ला, आलात एकदाचे! मावशी म्हणतात सगळे वर गेले, मी एकटी मागे राहिले. मी म्हटलं, मी आहे ना! तर मला बघून जास्तच रडायला लागल्या. माझं तोंड एवढं वाईट आहे का हो?"

मला हसू आलं आणि लगेच संताप आला. पास्टरच्या हिशेबात प्रभू येईल तेव्हा ही बाईही मागेच राहणार होती. ती सोबत आहे याचा आईला आधार कसा वाटावा?

बायकोने आईला चहा दिला, तेव्हा आई बोलली. तान्हेपणी शिंपडलेलं पाणी चालत नाही म्हणे. पाण्यात पूर्ण बुडाली नाही तर प्रभू आपल्या लोकांना उचलून नेईल आणि ही खाली राहील. "तुम्ही सगळे गेलात असं वाटलं रे. भांडी जागच्या जागी, आणि माणूस कुणी नाही." आमचेही बाप्तिस्मे शिंपडलेल्या पाण्याचेच, पण घाबरलेल्या माणसाला हिशेब कुठे सुचतो?

जिने जन्मभर रोज घर झाडून ठेवलं, तिला या पोराने सांगितलं की तुझं घरच नाही!

रविवारी मी दुकानात होतो. बायकोचा फोन आला : हॉलमधल्या लोकांनी आईला रिक्षाने नेलंय, बाप्तिस्म्याला. मी गच्चीवर पोचलो तेव्हा आई पांढऱ्या साडीत, दम लागलेली, माझ्याच टाकीला धरून उभी होती. टाकीत उतरायला स्टूल लावलं होतं.

"आई, घरी चल."

पास्टर मधे आला. "भाऊ, हा आजींचा निर्णय आहे. वेळ थोडा उरलाय."

"थोडा? मग माझ्याकडे दहा वर्षांची गॅरंटी कशाला मागत होतास? खोटी तारीख टाकून? म्हातारीला आजची घाई आणि तुझ्या टाकीला दहा वर्षं?" आणखीही बरंच बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आईने त्याच्याकडे पाहिलं.

"खरंच मागितलीस, लेकरा?"

"आजी, ते व्यवहाराचं झालं..."

आईने टाकीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "माझ्या चपला कुठायत?"

घरी आल्यावर ती झोपली. संध्याकाळी मी दुकान बंद करून आलो, तर तांब्या घेऊन उभी.

"आज कुणाशी भांडलास?"

किती दिवसांनी विचारलं! पण तिला काय हवंय ते कळलं आणि पुन्हा पेटलो.

"त्याला? त्याला मी फोन करू? आई, त्याने तुला..."

"माझं मी बघेन. चारचौघांत बोललास त्याला. आज आला म्हणजे?"

केला फोन. चारचौघांत बोललो ते चुकलं, म्हणालो. तो म्हणाला, "हरकत नाही, भाऊ. ती टाकी परत घ्याल का?"

आई समोर उभी होती. कापलेला माल परत घेत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या गोड शब्दांत सांगितलं.

"राहिलं काही?" आईने विचारलं.

राग राहिला होता, अजून आहे. पण तो फोनने मिटणारा नव्हता. मी "काही नाही" म्हणालो आणि तिने ताट वाढलं.