न प्यायलेली दारू

हेंद्रेपाड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबतात आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून उगाच मोबाईल बघतात. काकीही तेवढ्याच जाड, पण त्या कठडा धरून, हसत चढतात.

दोघांच्या तपासणीला मीच सोबत गेलो होतो. काकींचं सगळं ठीक निघालं. काकांना शुगर आणि लिव्हरवर चरबी.

"एकाच घरचं खातो ना आम्ही!" काका वैतागले.

"जाडी सारखी असली तरी पुरुषांचं लिव्हर बहुतेकदा इन्शुलिनचं ऐकणं आधी सोडतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकांनी बायकोकडे बघायचं टाळलं.

परवा पालेगावला हळदीत कुणीतरी त्यांच्यापुढे ग्लास धरला.

"नको रे. लिव्हरची वाट लागलीय. लय प्यायचो आधी," काका म्हणाले. उभ्या जन्मात थेंब न घेतलेला माणूस! मंडळींनी आदराने त्यांची पाठ थोपटली.

पंगतीत शेजारी बसलेली बाई काकींकडे सरकली. "पिऊन मारायचे का गं?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटात बघत राहिलो.

"नाही गं, मारलं नाही कधी," त्या म्हणाल्या. तेवढंच खरं बोलायची सोय काकांनी त्यांना ठेवली होती.