माझ्या सहीचा पाऊस

"पाणी ओतू नकोस. पाणी आहे असं समज आणि मोजून दाखव."

सोलापूरच्या कचेरीत नोकरीच्या परीक्षेला हेडक्लार्क मला असं म्हणाला. माझ्या आधी दोघांनी खरं पाणी ओतून मोजलं होतं. शिपायाने त्यांना कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून दिला होता. माझी पाळी आली तेव्हा तांब्या रिकामा झालेला. मी आपणहून माठाकडे वळले. शिपाई ओरडला, "ए, माठाला शिवू नको!" हेडक्लार्कने माझा अर्ज पुन्हा उलटून पाहिला. जात वाचली. तांब्या बाजूला ठेवायला लावला.

मी काचेचं रिकामं मोजपात्र डोळ्यांसमोर धरलं. पाण्याची खालची कड डोळ्याच्या रेषेत आणून आकडा वाचायचा, हे मला शाळेतल्या गुरुजींनी शिकवलं होतं. पाणीच नाही तर कड कुठली आणायची? तरी धरलं. नसलेलं पाणी हळूच ओतलं, नसलेला आकडा वाचला. खोलीतले सगळे हसले.

मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

बहात्तरचा दुष्काळ दुसऱ्या वर्षात शिरला होता. सांगोल्याकडचं आमचं गाव. विहिरी आटलेल्या, मेंढरंवाले केव्हाच मुलूख सोडून गेलेले. आई आणि मी दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. महारवाड्यातली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी मी, आणि हातात हातोडा. खडीच्या धुळीनं आईला खोकला लागला होता. थुंकीत लाल दिसायचं. ती पदराने पुसायची आणि पुढचा दगड घ्यायची. अशात गुरुजी म्हणाले, गावात सरकारी पर्जन्यमापक बसणार आहे, रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहायला माणूस हवाय. मला ती नोकरी हवी होती. आईला त्या खडीवरून उठवायचं होतं. त्यासाठी मी कुणाचेही पाय धरले असते.

आणि नोकरी मिळाली. बाकीचे दोघे परगावचे होते, माणूस गावातलाच लागत होता. पण हेडक्लार्कने अट घातली.

"लिहायचं काम तुझं. यंत्राला हात लावायचं काम धाकटे पाटील करतील. यंत्र त्यांच्या अंगणात आहे. पाण्याचा प्रश्न आहे, समजलं ना?"

"व्हय साहेब," मी म्हणाले.

पाण्याचा प्रश्न! मोजून झालं की ते पाणी जमिनीवर ओतून द्यायचं असतं. ते कुणी पीत नाही, देवावर घालत नाही. तरी माझा हात नको होता. आणि मी व्हय साहेब म्हणाले.

रोज सकाळी मी वही घेऊन पाटलांच्या तारेच्या कुंपणाबाहेर उभी राहायची. धाकटे पाटील, म्हणजे पाटलांचा भाऊ, पहिले काही दिवस खाली उतरले. नरसाळं काढायचे, आतली बाटली उलटी करून दाखवायचे. "काय न्हाय. ल्ही शून्य." मी शून्य लिहायची, खाली सही करायची. पुढे ते ओसरीतल्या बाजेवरूनच हात हलवायला लागले. मी शून्यच लिहीत राहिले. आभाळच कोरडं होतं, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. पगार अजून हातात पडला नव्हता, म्हणून वही लिहून झाली की मीही आईबरोबर खडीवरच जायची.

मृग लागला. एका संध्याकाळी ढग आले. आमच्या वस्तीवर चार थेंब पडले, धूळसुद्धा बसली नाही. सकाळी कुंपणापाशी गेले तर धाकटे पाटील बाजेवर चहा पीत होते.

"ल्ही की, दोन इंच."

"मालक, बाटली बघितली न्हाय तुमी."

"मळ्यात धो धो पडलाय, गडी सांगून गेला. मळ्यात पडला म्हंजी हितं पडला. ल्ही! का तुला यंत्राला हात लावायचाय?"

मळा तिथून दोन कोस लांब. मला माहीत होतं. मी लिहिलं. सही केली, आकडा नेहमीसारखा टपालाने कचेरीत धाडला.

आठवड्याभरात मुकादम खडीच्या ढिगापाशी आला. "काम बंद. तुमच्या गावात पाऊस झालाय. पेरणीला लागा."

बायका उठून उभ्या राहिल्या. "कुटं झाला पाऊस? कुणाच्या दारात पडला?"

"सरकारी वहीत लिवलंय," मुकादम म्हणाला.

वही कुणाकडे असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

घराच्या दारात आल्यावर आईने विचारलं, "तू बघितलास का गं पाऊस?"

"न्हाय."

"मग लिवलास कशाला?"

तिने हातोडा भिंतीला टेकवून ठेवला. त्या दिवशी आमची चूल पेटली नाही. वस्तीतल्या बऱ्याच घरांतनं धूर निघाला नाही. मी कोपऱ्यात बसून माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिले. ह्या हाताने बाटली विटाळत होती. पण खोट्या पावसाखाली सही करायला हाच हात चालत होता. सहीचा विटाळ कुणाला होत नव्हता.

तेव्हा कळलं. कचेरीत रिकामं मोजपात्र धरायला लावलं, तीच खरी परीक्षा होती. नसलेलं आहे म्हणायचं, वर हसायचं. त्या परीक्षेत मी पास झाले होते. म्हणूनच मला घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी कुंपणाबाहेर थांबले नाही. तार वाकवून आत शिरले. नरसाळं उचललं, बाटली बाहेर काढली. आत धूळ आणि एक मेलेली मुंगी.

धाकटे पाटील बाजेवरून ताडकन उठले. "ए! शिवलीस की यंत्राला!"

"व्हय, शिवले. आता रोज शिवनार हाय."

वहीत शून्य लिहिलं. मग मागचं पान काढलं. त्या दोन इंचांवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: हा पाऊस मी मोजला नाही. हा पाऊस पडला नाही. खाली माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं पुरं.

बंद झालेलं काम त्यामुळे सुरू झालं नाही. आई बायकांबरोबर अकलूजकडे उसात खुरपायला गेली. खोकत गेली. मी तिला अडवू शकले नाही, घरात दाणा नव्हता.

ती गेली त्याच दिवशी वही आणि यंत्राबरोबर आलेलं मोजपात्र पिशवीत घालून मी सोलापूरच्या एसटीत बसले. हेडक्लार्क नोकरी जाईल अशी भीती घालणार, हे मला माहीत होतं. पुन्हा म्हणेल, पाणी आहे असं समज. मी समजणार नाही. आधी त्या माठाशी जाईन. तांब्या बुडवीन. सगळ्यांच्या देखत खरं पाणी ओतून मोजीन आणि मग वही उघडीन. नोकरीवर ठेवायचं तर ह्या हातासकट ठेवा. नाहीतर ही घ्या तुमची वही. माझी सही आता तुम्हाला मिळणार नाही.